पेटीतला पंचा

दोन हजार चोवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि रापणीचा दोर अजून माझ्या हातात टिकत होता.

रापण म्हणजे काय, हे मालवणबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर तीस-चाळीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचे. मासळी गावली की वाटे पडतात. दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा, आणि आजारी पडून घरी बसलेल्या रापणकाराच्या बायकोलाही टोपली. आणखी एक रीत आहे. रापणीच्या वस्तूला कुलूप नसतं. होडी, दोर, वल्ही वाळूवर पडलेली असतात. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की जागेवर आणून ठेवावं. विचारायचं नसतं. कुणी विचारलंच तर समोरचा रागावतो, म्हणतो, मी काय परका? याच रीतीत मी वाढलो आणि याच रीतीनं मला फसवलं असं मी म्हणतो. माझी सून म्हणते, रीतीनं नाही, माणसांनी.

माझी नात तेव्हा आठवीत होती. आदल्या वर्षी ती धावताना दोनदा पडली. पहिल्यांदा आम्ही ऊन म्हटलं. दुसऱ्यांदा मुलगा आणि मी तिला गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. छातीला वायरी लावून कागद काढला. डॉक्टर तरुण होता, पण बोलला सावकाश. म्हणाला, हिच्या काळजाचे ठोके एखाद्या वेळी एकदम बिघडू शकतात. गोळ्या रोज, धावणं बंद. छातीत कायमचं यंत्र बसवायचं का ते पुढे बघू. तोवर ती जिथे असेल तिथे झटका द्यायचं मशीन जवळ असलेलं बरं. पडली आणि श्वास थांबला, तर हातात मिनिटं असतात, तास नसतात.

मी विचारलं, "आमच्याकडे रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागतो. मग काय करायचं?"

"म्हणूनच सांगतोय, आजोबा," तो म्हणाला. "शाळेत ठेवा."

त्या मशीनचं नाव डिफिब्रिलेटर. ते माझ्या जिभेवर अजून नीट बसत नाही. गावात आम्ही झटक्याची पेटी म्हणतो.

पेटी आणायचं मी मनावर घेतलं. एका हंगामात रापणीच्या प्रत्येक ओढीमागे एक टोपली शाळेच्या नावानं काढली. दोन-चार जण कुरकुरले. मी त्यांना म्हटलं, तुमचीही पोरं त्याच शाळेत जातात, काळीज काय माझ्याच नातीला आहे? गावच्या मुंबईकर मंडळींनी उरलेले पैसे घातले आणि पेटी आली. शाळेच्या पडवीत काचेच्या दाराची पांढरी पेटी ठोकली. तिच्यात लाल पिशवी, पिशवीत मशीन. आरोग्य केंद्राची डॉक्टर एक रबरी बाहुली घेऊन आली आणि सगळ्यांना शिकवून गेली. मशीन हिंदीत बोलायचं. पट्ट्या चिकटवा म्हणायचं, लांब व्हा म्हणायचं. झटका द्यायचा की नाही ते स्वतः ठरवायचं. तोवर आपण छाती दाबत राहायची. माझी पाळी आली तेव्हा मी दोर ओढायच्या जोरानं दाबलं.

"आजोबा, बाहुलीच्या बरगड्या मोडाल," डॉक्टर म्हणाली.

"मग माणसाच्या?"

"माणसाच्या मोडल्या तरी चालतील. थांबायचं नाही."

हे मला पटलं. असं सरळ सांगणारी माणसं कमी.

शाळेच्या मुख्याध्यापिका ख्रिश्चन. माहेर गोव्याचं. सगळा गाव त्यांना टीचर म्हणतो. पेटी आल्यावर शाळेत गावाची सभा झाली. तिच्यात त्या म्हणाल्या, "मी एक वही घालते. पेटीला कोणीही हात लावला तर सही करायची. आणि दर शनिवारी पिशवी उघडून मशीनचा हिरवा दिवा लागतोय का ते दोघांनी मिळून बघायचं."

मी उभा राहिलो. "टीचर, तुमच्या गोव्यात चोर असतील. आमच्या गावात नाहीत. ही पेटी रापणीतून आली. रापणीच्या वस्तूक कुलूप नसता आणि वहीपण नसता."

सगळे हसले. टीचर हसल्या नाहीत. माझ्या बाजूला शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष बसला होता. त्यानं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "शाबास रे."

हा अध्यक्ष माझा लहानपणापासूनचा सोबती. आम्ही दोघांनी दोराच्या एकाच टोकाला उभं राहून पन्नास वर्षं काढली. पुढे त्यानं रापण सोडली आणि पर्यटनाचा धंदा घातला. पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि स्कूबाच्या दोन होड्या घेतल्या. स्कूबा म्हणजे पर्यटकाच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्याला पाण्याखाली मासे दाखवायचे. आम्ही मासे पकडायला जायचो, हे लोक मासे बघायला पाठवतात. माझा मुलगा त्याच्याच होडीवर कामाला. मला ते आवडलेलं नव्हतं, पण मी तोंड आवळून होतो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याला पंधरा दिवस झाले असतील. मी सकाळी घरासमोरच्या खळ्यात बसून जाळं सांधत होतो. शाळेचा शिपाई मोटरसायकलवरून आला आणि गाडी बंद न करता म्हणाला, "आजोबा, बसा मागे. नात पडली."

मी अनवाणी बसलो. डोक्यात बाहुलीवर मोजलेले आकडे चालले होते. एक, दोन, तीन, चार.

पोचलो तर नात पडवीत बसलेली, साखरपाणी पीत. मला बघून म्हणाली, "आजोबा, काय नाय झाला. सकाळी खाल्लंय नाय, चक्कर इली."

मग मी टीचरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पोरीला दुसऱ्या बाईंकडे देऊन त्यांनी मला ऑफिसात नेलं. टेबलावर लाल पिशवी उघडी पडली होती. तिच्यात वाळू भरलेली पाण्याची बाटली होती, एका पंच्यात गुंडाळलेली.

"प्रार्थनेच्या रांगेत पडली," टीचर म्हणाल्या. "मी धावत जाऊन पिशवी काढली. हाताला वजन लागलं. चेन उघडली आणि हे. ती श्वास घेत होती म्हणून, आजोबा. घेत नसती तर मी तिच्या छातीला काय लावलं असतं? हा पंचा?"

मी बाटली पंच्यातून सोडवली.

"सुट्टीत मी गोव्याला होते. शाळेची किल्ली दोघांकडेच असते, माझ्याकडे आणि अध्यक्षांकडे. परत आल्यावर काचेतून पिशवी जागेवर दिसायची. उघडून बघितली नाही, ती चूक माझी. ती मी मान्य करते."

मी पंचा हातात घेतला. निळ्या काठाचा. एका कोपऱ्याला ठिगळ होतं, माझ्या जुन्या सदऱ्याच्या कापडाचं. ते ठिगळ माझ्या बायकोनं लावलेलं, ती होती तेव्हा. पंचा आमच्या घरचा होता.

मी घडी करून तो काखेत मारला. टीचरांनी ते बघितलं आणि काही विचारलं नाही. त्यांना तिथेच कळलं असावं.

नातीला शिपायाबरोबर घरी पाठवून मी किनाऱ्यावर चालत गेलो. अध्यक्षाची टपरी माडांखाली आहे. नारिंगी जॅकेटं ओळीनं टांगलेली, आणि त्यांच्या बाजूला खिळ्यावर आमचं मशीन. खाली रंगवलेली पाटी. मी दुसरीत शाळा सोडली, मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो. तरी उभा राहून पूर्ण वाचली. 'हृदयविकाराच्या झटक्यावर येथे तातडीची सोय आहे.'

अध्यक्ष खुर्चीत बसला होता. काळा चष्मा, हाफ पँट. माझ्याच वयाचा माणूस.

"ये रे. चाय घेतलंस?"

"ही पेटी हय कित्याक?"

"सुट्टेत हाडलेलंय. शाळा बंद. थंय भिंतीर टांगून ती कोणाक व्हयी? हय दिसाक शंभर माणसा पाण्यात उतरतत."

"शाळा सुरू होवन पंधरा दिस झाले."

"व्हय, पण स्कूबाच्या तपासणीक सायब येवचे आसत. ते येवन गेले काय दुसऱ्या दिसा पोचवतलंय होतंय."

"इचारलंस कोणाक?"

तो हसला. "इचारूचा? तूच सभेत बोललंस, रापणीच्या वस्तूक कुलूप नसता. टीचर वही घालतंय म्हणा होती, ती कोणी मोडून काढल्यान? तूच ना?"

हे खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच मला जास्त लागलं. पण मीही पन्नास वर्षं त्याच्या बाजूला दोर ओढलेला माणूस.

"रापणीतलो माणूस वल्हा न्हेता, तेव्हा वल्ह्याच्या जागेर वाळूची बाटली गुंडाळून ठेवन जात नाय," मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. "ती बाटली मी नाय ठेवलंय. तुझ्या झिलान ठेवल्यान. माका म्हणालो, टीचर बघतली, म्हातारो येता-जाता बघतलो, कायतरी वजन व्हया."

हे माझ्याच मुलाचं काम, हे पंचा बघितल्यापासून मला ठाऊक होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"आज माझी नात शाळेत पडली," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला. "कशी आसा?"

"बसली उठान."

"मगे देवान राखल्यान."

"देवान राखल्यान. तुया नाय."

मी त्याची प्लास्टिकची खुर्ची ओढली, वर चढलो आणि मशीन खिळ्यावरून काढलं. मागून तो म्हणाला, "अरे, सायब उद्या येतलेत, तेंका काय दाखवू?"

"तुझी हाफ पँट दाखय."

जवळ उभे असलेले पुण्याचे दोन पर्यटक हसले. मला हसू आलं नाही.

मुलाची होडी पाण्यात होती. मी वाळूवर बसून वाट बघितली, मांडीवर मशीन आणि खांद्यावर पंचा. अर्ध्या तासानं होडी लागली. त्यानं लांबूनच मला बघितलं. पर्यटकांना उतरवलं, त्यांच्या टाक्या काढल्या, पाय धुवायला पाणी दिलं. सगळं नेहमीपेक्षा सावकाश. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"खंयचो पंचो ह्यो?" मी विचारलं.

"आमचोच."

"ठिगळ कोणी लावल्यान?"

"आवशीन."

"तुझा चेडू आज शाळेत पडला."

तो होता तिथेच बसला, ओल्या कपड्यांनी. खोटं कशाला सांगू, ती बरी आहे हे सांगायला मी थोडा वेळ लावला. मला वाटलं, तेवढं त्याला भोगू दे. मग सांगितलं.

तो वाळू मुठीत धरून सोडत होता. मग म्हणाला, "बाबा, तुमका काय वाटता, माका तिची काळजी नाय? अध्यक्ष म्हणाले, न्हेतंय. मी नको म्हटला असता तर हंगामाक होडयेर दुसरो उभो रवलो असतो. तिच्या गोळये खंयसून येतत? तुमच्या रापणीतसून? गेल्या म्हयन्यात दोर ओढलात, काय गावला? प्लास्टिक आणि शेवाळ."

"माका सांगूचा होता."

"तुमका? तुम्ही कोणाचा आयकतास? तुम्ही असेच येवन खुर्चेर चढला असतास, जसे आज चढलास. ता माका लांबसून होडयेतसून दिसला."

"मगे चढूचा नाय होता?"

त्यानं मुठीतली वाळू टाकली.

"आणि म्हयनाभर तुका निज कशी लागली?"

"लागाक नाय," तो म्हणाला.

त्या उत्तरानं माझा राग निम्मा झाला असं मी सांगितलं, तर ते चांगलं दिसेल. पण तसं झालं नाही. उलट मला वाटलं, ज्याला झोप लागत नव्हती त्यानं उठून पेटी जागेवर ठेवायला हवी होती. मी मशीन उचललं आणि निघालो. तो मागे आला नाही.

टीचरांचं घर चर्चच्या मागे आहे. दुपार टळत होती. त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं आणि चष्मा लावून आत बघत राहिल्या. मशीनचा दिवा हिरवा होता. पण पट्ट्यांचं पाकीट फाडलेलं होतं. पर्यटकांना दाखवण्यासाठी कुणीतरी त्या बाहेर काढल्या असणार. चिकट बाजूला वाळू बसली होती आणि खाऱ्या हवेनं गोंद सुकला होता.

"या अंगाला चिकटणार नाहीत," टीचर म्हणाल्या. "मशीन आहे, पण नसल्यासारखं."

म्हणजे टपरीवर कुणी पडला असता, तर तिथेही त्या मशीननं काही केलं नसतं. त्यानं शाळेचं नेलं आणि स्वतःलाही ठेवलं नाही. महिनाभर सगळा गाव एका पाटीच्या भरवशावर होता. आमच्या शाळेत आग विझवायचं लाल नळकांडं आहे. त्याची तपासणी होते, कागद लावतात, कुणी ते उचलून आपल्या दुकानात टांगत नाही. कारण आग सगळ्यांनी बघितलेली आहे. काळीज थांबताना कुणी बघितलेलं नाही, म्हणून ही पेटी लोकांना शोभेची वाटते. दोनशे पोरं, मास्तर, खिचडी शिजवणाऱ्या बाया, झेंड्याला येणारे माझ्यासारखे म्हातारे, यातलं कुणीही पडू शकतं. हे मी तेव्हापासून ऐकेल त्याला सांगतो. न ऐकेल त्यालाही सांगतो.

टीचरांनी पणजीला फोन लावला. पट्ट्या तिथे मिळत होत्या. कुरियरनं आठ दिवस, माणूस गेला तर त्याच दिवशी.

"मी शनिवारी जाते," त्या म्हणाल्या.

"शनिवार लांब आहे. मी उद्या जातो."

त्यांनी दुकानाचा पत्ता आणि पट्ट्यांचं नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं आणि पट्ट्या बसतात का ते दुकानातच बघता यावं म्हणून मशीनही सोबत न्यायला सांगितलं. मी उंबऱ्यावर थांबलो. त्या दिवशी सभेत बोललो त्याबद्दल काही म्हणायचं होतं. शब्द तोंडात आले आणि तिथेच राहिले. टीचर म्हणाल्या, "जा, आजोबा. ऊन उतरलंय."

घरी आलो तर नात खळ्यात बसून गृहपाठ करत होती. सून आत भाकऱ्या थापत होती. तिनं मशीन बघितलं, खांद्यावरचा पंचा बघितला आणि मान खाली घातली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

नात म्हणाली, "आजोबा, पप्पांका बोलू नको."

"तुका कोणी काय सांगल्यान?"

"कोणी नाय. माका ठावक होता."

"काय ठावक होता?"

"पेटी रिकामी आसा ता."

मी मशीन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"शाळा सुरू झाली तेव्हापासून. पप्पांनीच सांगल्यानी. म्हणाले, दमान चल, जिने धावत चढू नको, पेटयेत सध्या काय नाय. आजोबांक सांगू नको, ते भांडतले आणि माझा काम जातला."

"तरी तू रोज शाळेत गेलंस?"

"मगे काय घराकडे बसू?" असं म्हणून तिनं पुन्हा वहीत डोकं घातलं.

पंधरा दिवस ही पोर त्या पिशवीखालून वर्गात जात होती. आत बाटली आहे हे तिला माहीत होतं. ती जिने मोजून चढत होती आणि संध्याकाळी माझ्या बाजूला बसून जेवत होती. मी रोज विचारायचो, पेटी बरी आसा ना गो? ती म्हणायची, आसा. अध्यक्षानं फसवलं ते मी उद्या-परवा विसरेन, तो धंदेवाला झाला होता. मुलानं फसवलं ते मी सहन करेन, त्याच्या मानेवर जू आहे. पण तेरा वर्षांच्या पोरीनं माझ्या तोंडावर आसा म्हणावं, आणि तेही माझ्या तोंडाच्या भीतीनं, याला मी काय म्हणू? घरात चार माणसं. तिघांना ठाऊक होतं. ज्यानं पेटीसाठी सगळ्या गावाशी वाद घातला त्या एकालाच नव्हतं. जेवायला मी बसलो नाही. सूनबाईनं दोनदा हाक मारली. मी पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीच्या आधी उठलो. नात शाळेचे कपडे घालून तयार होती.

"आज शाळेत जाव नको," मी म्हटलं. "पट्टयो येयपर्यंत."

"आज गणिताची चाचणी आसा."

ती माझीच नात. मी सुनेला सांगितलं, आज भाकऱ्या राहू देत, जाऊन हिच्या वर्गाच्या दारात बस. सून म्हणाली, "बसतंय."

मुलगा खळ्याच्या बाहेर मोटरसायकल सुरू करून उभा होता. रात्री तो घरी कधी आला मला माहीत नाही. "बाबा, माका द्या. मी पणजीक जावन हाडतंय. तुम्ही कागद खंय वाचत बसतलास?"

मी म्हटलं, "वाचतलंय."

"मगे स्टँडार तरी सोडतंय. बसा मागे."

मी मशीन या हातातून त्या हातात घेतलं आणि त्याच्या बाजूनं चालत निघालो. तो गाडी बंद करून काही पावलं माझ्या मागे आला, मग थांबला. स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. मी खिडकीजवळ बसलो, मशीन मांडीवर घेतलं, टीचरांचा कागद उघडून पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि कंडक्टरला म्हटलं, "एक पणजी."